माइकविना जॅझ चौकडी: छोट्या शहरात कार्यक्रम उभा करण्याचा क्रम

छोट्या शहरात जॅझ चौकडी येणार म्हटलं की आयोजकांचा पहिला फोन साउंडवाल्याला जातो. मग सभागृह ठरतं, पियानोचं ‘बघू’ म्हणून ठेवलं जातं आणि ट्यूनरला (पियानोचा सूर लावणाऱ्याला) आदल्या संध्याकाळी बोलावणं जातं. हा क्रम नेमका उलटा आहे, आणि बहुतेक कार्यक्रम इथेच बिघडतात. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट, पियानो, डबल बास (उभा धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य, पुढे नुसता ‘बास’) आणि ड्रम्स ही चार वाद्यं एकमेकांच्या तुलनेत किती ऐकू येतील, हे आधी खोली ठरवते, मग मांडणी, मग वादकांचे हात. माइक लागलाच तर सगळ्यात शेवटी, आणि तोही बहुतेक वेळा एकाच वाद्याला.

खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा मागेपुढे केला की त्याचा खर्च पुढच्या टप्प्यावर पडतो.

१. सभागृह बघण्याआधी चौकडीला विचारायचे प्रश्न

गटाकडून वाद्यांची आणि गरजांची यादी येते. ती वाचून बाजूला ठेवू नका, तिच्यावरून फोन करा. यादीत नसलेल्या गोष्टी बोलण्यातूनच कळतात. किमान एवढं विचारून लिहून घ्या:

- पियानो ग्रँडच (आडवा, मोठ्या झाकणाचा) हवा की चांगला अपराइट (उभा) चालेल? वाद्यं जुळवायचा मूळ सूर ४४० हर्ट्झचा की ४४२चा?
- बासवादक स्वतःचा बास आणणार का? विमानाने येत असेल तर शक्यतो नाही. मग तो तुम्हाला शोधावा लागेल.
- ड्रमर सोबत काय आणणार? बहुतेक ड्रमर सिंबल (झांजा) आणि कधी कधी स्नेअर (तळाशी तारा लावलेला छोटा ड्रम) आणतात, बाकीचा संच मागतात.
- कार्यक्रमात गायन आहे का? असेल तर एक माइक नक्की लागणार, आणि मग पूर्ण नियोजन वेगळं होतं.
- किती वेळ वाजवणार, मध्यंतर हवं का, आणि वाजवण्याच्या किती तास आधी सभागृहात यायचं आहे?

मानधन, आगाऊ रक्कम, प्रवास, राहणं आणि उरलेले पैसे कधी द्यायचे, हे एका पानावर लिहून दोन्हीकडून मान्य करून घ्या. उरलेली रक्कम त्याच रात्री, सामान आवरण्याआधी द्यावी. रात्रीच्या गाडीला निघालेल्या माणसाला ‘उद्या पाठवतो’ ऐकवणं बरं नाही.

चांगला पियानो मिळणारच नसेल तर ते या टप्प्यावरच सांगा. चौकडी पियानोशिवायही होते: जेरी मुलिगन आणि चेट बेकर यांच्या १९५२च्या चौकडीत सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास आणि ड्रम्स एवढंच होतं. काही गट पियानोऐवजी गिटार घेऊन यायला तयार होतात. इलेक्ट्रिक पियानोही चालू शकतो, पण मग त्याला स्पीकर लागतो आणि त्याच्याबरोबर सगळ्यांच्या आवाजाची पातळी वर सरकते. गटाला याची दोन महिने आधी कल्पना असेल तर ते त्यानुसार रचना निवडतात. दोन तास आधी कळलं तर फक्त निभावून नेतात.

२. सभागृह: कानाने निवडा

आसनसंख्या, भाडं आणि पार्किंग बघून सभागृह ठरवलं जातं आणि आवाजाचा विचार नंतर होतो. चार वाद्यांना माइकशिवाय १०० ते २५० जणांची खोली बरी पडते. त्याच्या पुढे बासला मदत लागू लागते. उघड्या मैदानावर माइकशिवाय हा प्रकार करूच नका. भिंती नसल्या की बास पहिल्या काही रांगांच्या पुढे पोचत नाही.

खोली रिकामी असताना रंगमंचाच्या मधोमध उभे राहा आणि एकदाच जोरात टाळी वाजवा. तीन गोष्टी ऐका. टाळीचा आवाज सुमारे एका सेकंदात विरला तर उत्तम. दोन सेकंद आणि त्याहून जास्त रेंगाळला तर ड्रम्सचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडेल. जुनी प्रार्थनागृहं गायनवृंदाला शोभतात, पण वेगवान ड्रम्सला नाहीत, ते याच कारणाने. टाळीनंतर ‘टर्र्र’ असा कापरा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती एकमेकींकडे आवाज फेकत आहेत असं समजा. एका भिंतीवर जाड पडदा सोडला तरी तो बराच कमी होतो. आणि टाळी अगदी कोरडी, जागच्या जागी मेली, तर ती खोली चित्रपटासाठी किंवा भाषणांसाठी बांधलेली आहे. तिथे सॅक्सोफोनवाल्याला आपला आवाज भिंतीला लागून परत येताना ऐकू येणार नाही आणि तो गरजेपेक्षा जोरात वाजवेल.

टाळीने बास कळत नाही, हे लक्षात ठेवा. बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते आणि त्या सुराची एक लहर आठ मीटरहून लांब असते. लहान खोलीत असे सूर एका कोपऱ्यात घुमतात आणि चार पावलांवर नाहीसे होतात. शक्य असेल तर गावातल्या कुणा बासवादकाला अर्धा तास नेऊन वाजवायला सांगा आणि तुम्ही खोलीभर फिरा.

मग सगळे दिवे, पंखे, वातानुकूलन आणि पाण्याचा कूलर चालू करून एक मिनिट गप्प बसा. जो गुणगुणाट ऐकू येईल तो संथ रचनेतल्या बासच्या एकल वादनाखाली संध्याकाळभर राहणार आहे. शेजारच्या खोलीत त्या दिवशी काय आहे तेही विचारा. भिंतीपलीकडे ढोल-ताशांचा सराव असेल तर तुमच्या बासला वाव नाही.

सावधान: क्रीडागृह, बॅडमिंटन हॉल आणि उंच पत्र्याची छतं टाळा. ती पडद्यांनी सुधारत नाहीत.

पडताळा: शेवटच्या रांगेत बसा आणि रंगमंचावर एकाला साध्या आवाजात बोलायला सांगा. शब्द स्पष्ट कळले तर खोली बहुधा जमेल.

३. पियानो: आधी जागा, मग मुक्काम, मग सूर

पूर्ण कामात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा लांब आहे.

क्रम असा: पियानो रंगमंचावर त्याच्या अंतिम जागी आणा, चाकं लॉक करा, त्या हवेत त्याला मुरू द्या आणि मग ट्यूनरला बसवा. दुसऱ्या इमारतीतून आणलेला पियानो निदान एक दिवस तरी आधी पोचायला हवा. त्याच्या ध्वनिफलकाचं लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. नव्या हवेत ते फुगत किंवा आकसत असताना लावलेला सूर टिकत नाही.

ट्यूनर काम करताना सभागृहाचं तापमान कार्यक्रमाच्या वेळी असेल तेच हवं. दुपारी वातानुकूलन बंद ठेवून सूर लावायचा आणि संध्याकाळी गार हवा सोडायची, ही पैसे वाचवण्याची सर्वांत महाग पद्धत आहे. गारव्यात पियानोच्या तारा ताणल्या जाऊन सूर चढतो, तर सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटच्या नळीतली हवा गार झाली की त्यांचा सूर उतरतो. दोन वाद्यं विरुद्ध दिशांना जातात. सॅक्सोफोनवाला मुखनलिका आत-बाहेर करून थोडंफार जुळवून घेईल, पियानोला मात्र ती सोय नाही. म्हणून बाकीचे तिघं पियानोला जुळवून घेतात, आणि म्हणूनच पियानो बरोबर असणं सर्वांची गरज आहे.

ट्यूनरला दीड ते दोन तास आणि शांतता द्या. शांतता म्हणजे शिडीवर कुणी दिवे बांधत नाही, कुणी खुर्च्या ओढत नाही, कुणी माइकमध्ये ‘चेक, चेक’ करत नाही. दोन तारांमधला सूक्ष्म कंप ऐकूनच तो सूर जुळवतो. मागे खिळे ठोकणं चालू असेल तर तो अंदाजाने काम उरकेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. साउंडचेकनंतर वीस मिनिटं पुन्हा येण्याचंही आधीच ठरवून घ्या. तासभर जोरात वाजवल्यावर वरच्या पट्टीतल्या काही तारा हलकेच सरकतात.

ट्यूनर गेल्यावर तुम्ही स्वतः बसा. पियानो वाजवता येत नसला तरी चालेल. ८८ पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात दाबा. खाली गेलेली पट्टी लगेच वर येते का? कुठे टकटक होते का? उजवं पेडल दाबताना करकरतं का? करकरणारं पेडल संथ रचनेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. वंगणाचे दोन थेंब ट्यूनरच टाकेल, पण त्याला तुम्ही सांगायला हवं.

बैठक उंची बदलता येणारी असावी. हॉलमधली खुर्ची पुढे सरकवणं हा वादकाचा अवमान आहे, आणि त्याच्या मनगटांनाही त्रास होतो.

सावधान: सूर लावल्यावर पियानो एक वीतभरही हलवू नका. ‘जरा मागे घेऊ, बॅनर दिसत नाही’ असं कुणी म्हणालं तर बॅनर हलवा.

४. भाड्याचे ड्रम्स आणि उसना बास

भाड्याने मिळणारा ड्रमसेट बहुधा रॉक बँडसाठीचा असतो. त्याचा बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) २२ इंचांचा, पुढच्या कातड्याला माइकसाठी भोक आणि आत उशी. असा ड्रम माइकशिवाय ‘धप्’ एवढंच बोलतो. जॅझसाठी १८ किंवा २० इंचांचा, भोक नसलेला आणि आत काही न कोंबलेला बास ड्रम मागा. तो सुरात बोलतो, आणि लहान असल्याने डबल बासचा आवाज खात नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: स्नेअरचं वरचं कातडं खरखरीत, पांढऱ्या लेपाचं हवं. ड्रमर ब्रशने (बारीक तारांच्या झुपक्याने) वाजवतो तेव्हा त्या तारा खरखरीवरून फिरतात आणि त्या घासण्याचाच ‘स्श्श’ असा आवाज होतो. पारदर्शक गुळगुळीत कातड्यावर ब्रश फिरवला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दुकानदाराला फोनवर ‘जॅझला देता ना?’ विचारू नका. बोटाने कातडं घासून बघायला सांगा.

ड्रम्सखाली साधारण २ मीटर बाय २ मीटरचा, न घसरणारा गालिचा टाका. नुसत्या लाकडी फळ्यांवर बास ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो. ड्रम्ससाठी वेगळा उंच मंच मात्र बांधू नका. त्या पोकळ खोक्यावर बास ड्रम दुप्पट घुमतो आणि ड्रमर बाकीच्यांपासून तुटतो.

उसना बास घेताना तो कधी दुरुस्त झाला होता हे नीट विचारा. ब्रिज (तारा उचलून धरणारा लाकडी आधार) सरळ उभा आहे ना, तारा खालच्या लाकडाला लागून खरखरत नाहीत ना, कुठे सांधा उघडला नाही ना, हे शक्यतो बासवादकाकडूनच तपासून घ्या. त्याच्या तारांची उंची हा बासवादकाच्या हाताचा प्रश्न असतो. ब्रिजला उंची बदलण्याचे स्क्रू असतील तर फार सोय होते. बास कुशीवर ठेवतात, पाठीवर आडवा टाकत नाहीत. मान भिंतीला टेकवून उभा करून निघून जाऊ नका. कोपऱ्यात ठेवला तरी तो घसरतो, आणि मानेची दुरुस्ती महिन्यांत मोजावी लागते. तळाच्या टोकाला रबर आहे का तेही बघा. नसेल तर गालिच्याचा एक तुकडा तिथे टाकायला ठेवा.

बाहेरच्या उन्हातून थेट गार सभागृहात आणलेला बास तासभर तरी सुरात राहणार नाही. तोही पियानोसारखाच आधी पोचवा.

५. कार्यक्रमाच्या दिवसाचं वेळापत्रक

मागून पुढे मोजा. कार्यक्रम संध्याकाळी ७ला असेल तर माझ्या मते ही रचना टिकते:

- सकाळी ९ ते १२: दिवे, पडदे, खुर्च्या. शिडी आणि हातोड्याची सगळी कामं इथेच संपवायची. हवेचं तापमान आत्तापासून संध्याकाळचंच ठेवायचं.
- १२ ते १: जेवण, सफाई. पियानोजवळ कुणी नाही.
- १ ते ३: ट्यूनर, पूर्ण शांततेत.
- ३ ते ४: चौकडीचं आगमन, ड्रम्स आणि बास मांडणं.
- ४ ते ५:१५: साउंडचेक.
- ५:१५ ते ५:४५: पियानोचा सूर पुन्हा बघणं.
- ५:४५ ते ६:३०: वादकांना मोकळा वेळ. त्यांच्या खोलीत पाणी, आरसा, बसायला खुर्च्या आणि बंद होणारं दार.
- ६:३०: प्रेक्षकांसाठी दारं उघडणं.

या वेळापत्रकात कुठेही ‘मान्यवरांचे स्वागत’ मावत नाही, आणि मावायला नको. आभार मानायचेच असतील तर मध्यंतरानंतर दोन मिनिटं द्या.

सावधान: दिवे बांधणारे आणि ट्यूनर एकाच वेळेला बोलावले गेले तर ट्यूनर हरतो. दोघांना आदल्या रात्री पुन्हा फोन करून वेळा सांगा.

६. रंगमंचावरची मांडणी

रुंद रंगमंच मिळाला की चौघांना चार कोपऱ्यांत पसरवण्याचा मोह होतो. फोटोत छान दिसतं. पण आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ड्रमर आणि बासवादक ६ मीटरवर असले तर दोघांनाही एकमेकांचा ठोका १७-१८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला ३०० ठोक्यांच्या वेगात दोन ठोक्यांमधलं अंतर २०० मिलिसेकंद असतं. म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा रस्त्यातच गेला. मग दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि लय मागे ओढली जाते. चौघांना मिळून ५ मीटर बाय ४ मीटर जागा पुरते. उरलेला रंगमंच रिकामा राहू द्या.

प्रेक्षकांच्या बाजूने बघताना ही मांडणी बहुतेक ठिकाणी जमते. डावीकडे पियानो, वादकाची उजवी बाजू प्रेक्षकांकडे, म्हणजे झाकण उघडलं की आवाज सभागृहात येतो. उजवीकडे ड्रम्स. दोघांच्या मधे, पियानोच्या बाजूच्या खोलगट वळणात, बास. उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरचा राइड सिंबल (ज्यावर तो लय चालू ठेवतो ती मोठी झांज) त्यामुळे बासच्या शेजारी येतो. जॅझची लय या दोघांच्या जोडीवर चालते, म्हणून ते एकमेकांपासून हात लांब करून पोचेल एवढ्या, साधारण मीटर-दीड मीटरच्या अंतरावर हवेत. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट समोर, मध्याच्या किंचित उजवीकडे, आणि त्याने पियानोवादकाची नजर अडवायची नाही.

चौघांनाही एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. रचनेची मूळ चाल, ज्याला वादक ‘हेड’ म्हणतात, आधी वाजते, मग एकेकाचं एकल वादन आणि शेवटी पुन्हा हेड. परत कधी यायचं हे बऱ्याचदा आधी ठरलेलं नसतं. कुणी डोक्याला बोट लावतो, कुणी नुसती मान हलवतो. स्टँड, फुलदाणी किंवा स्पीकरचं खोकं मधे आलं की तो इशारा हुकतो.

बासच्या मागे एक मीटर तरी जागा सोडा. कोपऱ्यात किंवा मागच्या भिंतीला चिकटून तो काही सूर फारच घुमवतो आणि इतर सूर दडपतो.

पडताळा: चौघं बसल्यावर प्रत्येकाला विचारा, ‘बाकीच्या तिघांचे डोळे आणि हात दिसतात?’ एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर आत्ताच हलवा. फक्त पियानो हलवायचा नाही, बाकी सगळं त्याच्याभोवती.

७. साउंडचेक: माइक न लावता सुरुवात

साउंडवाले सवयीने ड्रम्सपासून सुरू करतात. ‘किक द्या, किक द्या’ (म्हणजे बास ड्रम), मग स्नेअर, मग एकेक. माइकवाल्या बँडसाठी ते ठीक आहे. इथे त्यातून काहीच कळत नाही, कारण प्रश्न कुठल्या एका वाद्याच्या आवाजाचा नाही, चौघांच्या मिसळणीचा आहे.

पहिलं पाऊल: सगळे माइक बंद. चौघांनी मध्यम वेगाची एक रचना वाजवायची. तुम्ही शेवटच्या रांगेत, मग मधे, मग डाव्या-उजव्या टोकांना जाऊन ऐकायचं. बास दबतोय असं वाटलं तर आधी ड्रमरला हलक्या काठीने वाजवायला सांगा, सॅक्सोफोनचं घंटेसारखं तोंड थोडं वळवा, बास पाऊलभर पुढे घ्या. पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवा. ते खाली घेणं हा शेवटचा पर्याय. झाकण मिटल्याने पियानो हळू होतो, त्यापेक्षा जास्त तो मंद होतो.

दुसरं पाऊल: संथ रचना, ब्रशसह, आणि मधे बासचं एकल वादन. खरी परीक्षा इथे आहे. हे चालू असताना पंखे आणि वातानुकूलन पुन्हा ऐका. एकल वादनात सॅक्सोफोनवाल्याने बाजूला सरकावं, म्हणजे प्रेक्षकांची नजरही बासकडे जाते.

तिसरं पाऊल सहसा कुणी करत नाही, आणि ते करायलाच हवं. बासवादकाला सर्वांत खालच्या सुरापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने हळू वर जायला सांगा, प्रत्येक सूर तीन-चार सेकंद. तुम्ही सभागृहात फिरा. कुठे खिडकीची काच थरथरेल, कुठे दिव्याची जाळी किणकिणेल, कुठे पियानोवरच्या स्टँडचा स्क्रू वाजेल. आणि जवळजवळ नक्कीच एखाद्या सुराला ड्रम्सच्या स्नेअरच्या खालच्या तारा आपोआप सरसरतील. काचेत पुठ्ठ्याचा तुकडा खोचा, जाळी घट्ट करा. स्नेअरची सरसर ड्रमर त्या तारा सोडून घालवतो, आणि बासच्या एकल वादनात तो ते स्वतःच करील. पण त्याला आधी कुठला सूर ते कळलं तर बरं.

चौथं पाऊल: सर्वांत जोरकस रचना. त्यातही पियानो ऐकू येतो का, पहिल्या रांगेतल्याला सिंबल टोचतात का, एवढंच बघा.

आता, आणि आत्ताच, ठरवा: बासला मदत हवी का? हवी असेल तर एकच छोटा अँप्लिफायर बासच्या मागे जमिनीवर ठेवा, किंवा बाससमोर एक माइक लावा. पातळी हळू वाढवत जा. बरोबर पातळीची खूण अशी: चालू केल्यावर तो आहे हे कळत नाही, बंद केल्यावर काहीतरी कमी झालं हे कळतं. चालू केल्याचं लक्षात येत असेल तर तो जास्त आहे. पियानो, ड्रम्स आणि सॅक्सोफोनला माइक लावू नका. रंगमंचावर मॉनिटर स्पीकरही (वादकांना स्वतःला ऐकण्यासाठीचे) ठेवू नका. ते मांडले की वादक आपल्या कानावरचा विश्वास सोडून त्यांना ऐकू लागतात, पातळी वाढत जाते, आणि तासाभरात तुम्ही एक छोटा रॉक कार्यक्रम करत असता.

रिकामं सभागृह भरल्यावर बदलतं. माणसं आणि कपडे विशेषतः वरचे सूर शोषतात, खोली कोरडी होते. साउंडचेकला सिंबल थोडे चमकदार वाटले तर घाबरू नका, संध्याकाळी ते बसतील. बासची पातळी मात्र अनेकदा किंचित वाढवावी लागते.

पडताळा: निवेदनाचा माइक वेगळा ठेवा, तपासा आणि वाजवणं सुरू होताच बंद करा. उघडा राहिलेला निवेदनाचा माइक ड्रम्स उचलतो आणि सगळी मेहनत वाया घालवतो.

८. दिवे

रंग बदलणारे, फिरणारे दिवे नकोत. त्यांचे पंखे वाजतात आणि वादकांची नजर बिथरते. उबदार, स्थिर प्रकाश चौघांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर असावा. सभागृहही पूर्ण काळं करू नका, पहिल्या रांगा अंधुक दिसल्या तर वादकांना ऐकणारे दिसतात. जुने तापणारे दिवे थेट पियानोवर मारू नका. उष्णतेने तारा सैल होतात आणि दोन तासांत दुपारचं काम उतरतं. धुराचं यंत्र लावूच नका, फुंकून वाजवणाऱ्याच्या घशाला ते चांगलं नाही.

९. प्रेक्षक आणि कार्यक्रमाची रचना

जॅझ पहिल्यांदा ऐकणारे बरेच असतील, आणि ते ठीक आहे. त्यांना व्याख्यान देऊ नका. पत्रिकेवर वाद्यं, वेळ, मध्यंतर, ‘ध्वनिवर्धकाशिवाय’ आणि एक ओळ पुरे: एकल वादन आवडलं तर मधेच टाळी वाजवा, तसा रिवाज आहे. सुरुवातीला एका वादकाने मिनिटभर सांगितलं की हेड लक्षात ठेवा, मधे ती चाल कुठे लपते ते शोधा आणि शेवटी ती परत येईल, की लोक अर्धा तास अधिक ध्यान देऊन ऐकतात. हे वादकानेच सांगावं. निवेदकाने सांगितलं तर सूचना वाटते.

४५ ते ५० मिनिटांचे दोन भाग आणि मधे १५-२० मिनिटं. एक रचना सहज ६ ते १० मिनिटं चालते, म्हणून एका भागात पाच-सहापेक्षा जास्त ठेवू नका. सुरुवात मध्यम वेगाने. संथ रचना तिसऱ्या क्रमांकावर, कारण तोवर खोकणं आणि खुर्च्या सरकणं थांबलेलं असतं. ड्रम्सचं मोठं एकल वादन दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे. क्रम शेवटी गटाचा असतो, पण तुम्ही श्रोते कोण आहेत ते सांगितलं तर ते त्यानुसार बदलतात.

प्रेक्षक पुढून भरा. १२० जण २५० खुर्च्यांत विखुरले तर आवाजही विखुरतो आणि वातावरणही. मागच्या रांगा दोरी लावून बंद ठेवा आणि पुढच्या भरल्यावरच उघडा. उशिरा येणाऱ्यांना फक्त दोन रचनांच्या मधे आत सोडा. दारावर एक खंबीर, गोड बोलणारा माणूस ठेवा, आणि दाराच्या बिजागरीला तेल घाला.

सादरीकरणाच्या हक्कांची परवानगी कार्यक्रम ज्या देशात आहे तिथल्या संबंधित संस्थेकडून घ्यावी लागते. सभागृहाकडे आधीच वार्षिक परवाना आहे का ते विचारा, आणि वाजवलेल्या रचनांची यादी संगीतकारांच्या नावांसह गटाकडून त्याच रात्री घ्या. नंतर मागितली तर कुणाला आठवत नाही.

पडताळा: पहिल्या रचनेला स्वतः मागच्या रांगेत उभे राहा. बास बदलायचा असेल तर याच पाच मिनिटांत, दोनच बोटांच्या इशाऱ्याने, साउंडवाल्याला सांगा. दुसऱ्या रचनेपासून कशालाही हात लावू नका.

१०. आवरताना

आधी बास पिशवीत, मग सिंबल, मग ड्रम्स, सगळ्यात शेवटी पियानो. त्याचं झाकण मिटा, आच्छादन घाला, आणि खुर्च्या उचलणाऱ्यांना सांगा की त्यावर काही ठेवायचं नाही. एक ग्लास पाणीही नाही.

ड्रम्स हलवण्याआधी जमिनीवर चौघांच्या जागांना चिकटपट्टीच्या खुणा करा आणि शेवटच्या रांगेतून एक फोटो काढा. त्याच्याबरोबर तापमान, बासची पातळी, कुठली काच वाजली आणि ट्यूनरला किती वेळ लागला, हे एका कागदावर लिहून सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे एक प्रत द्या. पुढचा गट कुणीही आणला तरी तिसऱ्या आणि सहाव्या टप्प्यातला अर्धा दिवस त्याचा वाचेल.